बिनपगारी फौजदार

आयुष्यातलं माझं पहिलं पद बिनपगारी होतं, आणि ते ज्या ठिकाणी मिळालं ते ठिकाण घरात कुणालाही बोट दाखवून सांगता येत नव्हतं. पुढे मी नोकरी केली, सहीचे अधिकार मिळाले, दारावर नावाची पाटी लागली. तरी आजही कुणी विचारलं की बाई, तुमचा शब्द सगळ्यात जास्त कुठे चालला, तर मी त्या किल्ल्याचंच नाव घेते. लोक हसतात. माझी मुलगीसुद्धा हसायची. आता ती स्वतः तसल्याच एका कॉम्प्युटरच्या खेळात कानाला यंत्र लावून परक्यांची भांडणं सोडवत बसते, तेव्हापासून हसायची बंद झाली. हे प्रकरण मी लिहितेय ते माझं काही चुकलं होतं म्हणून नाही. मी तेव्हाही बरोबर होते आणि आजही आहे, एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी बाई पश्चात्तापाने दोन आसवं गाळतील या आशेवर कुणी वाचत बसायला नको.

आम्ही कुळगावात राहायचो, एका बैठ्या चाळीच्या टोकाला. अप्पा अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात होते. त्यांचा शर्ट कितीही आपटून धुतला तरी त्याला नाकात चढणारा आंबूस वास यायचा, आणि तो वास दारात आला की आई तवा ठेवायची. बारवी धरणाच्या वाटेवर आमची थोडी भातजमीन होती. तो तांदूळ वर्षभर कधी पुरला नाही, पण भाकरी मात्र त्याच पिठाची. पाण्याच्या हाताने थापलेली, टम्म फुगलेली, आणि सोबत सुकट नाहीतर वालाचं बिरडं. अप्पांची थोरली बहीण, आमची यमुनाआत्या, नवरा गेल्यावर माहेरी आली ती आमच्याकडेच राहिली. घरात तिला फार कुणी विचारायचं नाही. वाल सोल, लसूण नीस, कोंबड्या झाक, एवढाच तिचा कारभार. पण सकाळी चाळीच्या दुसऱ्या टोकाला नळावर जाऊन बसली की तीच आत्या निराळी दिसायची.

पाणी बारवी धरणाचं. धरण जवळच, पण नळाला पाणी त्याच्या मर्जीने यायचं आणि मर्जीने जायचं. बायका आदल्या संध्याकाळीच आपापला हंडा, कळशी, रंगाचा डबा, जे असेल ते नळापाशी ओळीने मांडून जायच्या. माणूस घरी, हंडा रांगेत, आणि त्या हंड्याला माणसाइतकाच मान. सकाळी नळ आधी खाकरायचा, हवा सोडायचा, मग गढूळ थुंकी टाकायचा आणि मग धार लागायची. आत्या दगडावर बसून एकेकीला हाक मारायची. हंडा कुणी पुढे सरकवला तर ती तो उचलून सगळ्यात मागे नेऊन ठेवायची आणि वर म्हणायची, "आता बस तितंच, ऊन खात." बायका तिला तोंडावर शिव्या द्यायच्या, आणि ती आल्याशिवाय नळाला हातही लावायच्या नाहीत. ज्या घरात बाळंतीण आहे किंवा मयत झालंय, त्या घरची भांडी रांगेत असोत नसोत, आधी भरायची. हे कुणी कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही. ते तसं व्हायचं, आणि तेवढा वेळ नळावर कुणी मोठ्याने बोलायचंही नाही.

आत्या स्वतः सगळ्यांत शेवटी भरायची. कधीकधी तिची पाळी येईतो नळ पुन्हा खाकरायला लागायचा. आईचा संताप व्हायचा. "साऱ्या गावच्या पाळ्या लावता वन्सं, आणि आपल्या घरात कोरडं ठणठणीत!" आत्या अर्धी कळशी खाली ठेवत म्हणायची, "नळावर बसनारीनं आदी भरलं, तर उद्या माजं कोन ऐकंल?" आई त्या दिवशी भांडी जरा जास्त आपटायची.

माझं कॉलेज उल्हासनगरला, सकाळचं. ते सुटलं की मी पाच नंबर कॅम्पात हरेशभाईंच्या कॉम्प्युटर क्लासवर जायचे. खाली जीन्स शिवायचा कारखाना आणि वर क्लास. शिलाई मशिनी सुरू झाल्या की वरची फरशी तळपायाला थरथरलेली कळायची, जिन्यात निळ्या धाग्यांचे गुंते चपलेला चिकटायचे, आणि कुठलंही पुस्तक उघडलं तरी त्याला नव्या कापडाचा वास. हरेशभाई गोल, हसरे, कायम घामेजलेले. आल्या माणसाला पापड आणि पाणी दिल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. फी बुडवून आलेल्यालाही आधी पापड, मग ओरडा. त्यांच्याकडे नुकतंच इंटरनेट आलं होतं. दुपारी ते घरी जेवून झोप काढायचे, तेवढा वेळ मी क्लास सांभाळायचे, आणि त्या बदल्यात कोपऱ्यातलं यंत्र माझं. त्यांची बायको कधी डब्यात कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड सिंधी पोळी, पाठवायची, ती दह्यासोबत खात मी इंटरनेटला फोन लावायचे. यंत्र आधी किंचाळायचं, मग गुरगुरायचं, मग एकदम गप्प व्हायचं, आणि ती शांतता झाली की समजायचं, लागलं. फोनची लाइन खालच्या कारखान्याबरोबर सामाईक होती. खाली कुणी रिसीव्हर उचलला की वरचं जग गडप.

मला किल्ला सापडला तो असाच, कळा दाबता दाबता. चित्रं नव्हतीच. काळा पडदा आणि त्यावर अक्षरं. तुम्ही एका चौकात उभ्या आहात, उत्तरेला जिना आहे, पूर्वेला दार अर्धवट उघडं आहे, असं काहीतरी. तुम्ही "उत्तर" म्हणून टाइप करायचं, की जिना. तिथे आणखी कुणी असेल तर त्याचं नाव दिसायचं, आणि तो जगाच्या दुसऱ्या टोकाला बसून जे टाइप करील ते माझ्यासमोर उमटायचं. सगळ्यांची नावं घेतलेली, खोटी. मी बारवी हे नाव घेतलं. त्यांना वाटलं ही कुठलीतरी देवी असणार, आणि मी त्यांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडले नाही. माझं इंग्रजी व्याकरणात लंगडं होतं, पण भांडायला पुरून उरत होतं.

भांडणं तर रोजची. किल्ल्याच्या तळाला एक गुहा होती, तिच्यात ड्रॅगन. त्याला मारलं की त्याचं शिंग मिळायचं आणि नाव मोठं व्हायचं. मेलेला ड्रॅगन थोड्या वेळाने पुन्हा जिवंत व्हायचा, आणि आत एका वेळी एकालाच जाता यायचं. मग काय, गुहेच्या तोंडाशी झुंबड. धक्काबुक्की, चोऱ्या, आयाबहिणींवरून शिव्या. काही खेळाडूंना मालकांनी बंदोबस्ताचं काम दिलेलं होतं, त्यांच्या पदाला इंग्रजीत जे नाव होतं त्याचं मी मनातल्या मनात राखणदार करून टाकलं होतं. ते सगळे कुठल्या कुठल्या विद्यापीठांतले मुलगे. ते यायचे, दिसेल त्याला कोठडीत टाकायचे आणि निघून जायचे. एका दुपारी मी ते बघत बसले होते आणि मला एकदम हसू आलं. हे तर आमचंच होतं, फक्त दगडावर आत्या नव्हती.

मी टाइप केलं, ओरडू नका, प्रत्येकाने आपली एकेक वस्तू गुहेसमोर जमिनीवर ओळीने ठेवा. मशाल ठेवा, पाव ठेवा, जोडा ठेवा. मग जेवा, झोपा, कॉलेजात जा. तुमची वस्तू रांगेत आहे म्हणजे तुम्ही रांगेत आहात. एकाने विचारलं, कुणी पुढे सरकवली तर? मी लिहिलं, सरकवील त्याची वस्तू सगळ्यात मागे. आणखी एकाने विचारलं, हे कोण ठरवणार? मी लिहिलं, मी. मला कुणी नेमलेलं नव्हतं. पण मी रोज दुपारी जाऊन बसत होते आणि ओळ पाठ असल्यासारखी सांगत होते. दुसऱ्या आठवड्यात गुहेपुढे पाव, जोडे आणि मशालींची अशी सुरेख रांग लागली की लोक नुसतं बघायला यायला लागले. कुणाच्या देशात रात्र असायची, कुणाच्या देशात शाळेची वेळ, पण जोडा जागेवर असायचा.

मग किल्ल्याच्या मालकाने मला राखणदार केलं. त्याचं तिथलं नाव ओक. कुठल्याशा थंड देशात मित्रांबरोबर त्याने हा किल्ला बांधला होता. मला अधिकार मिळाले. कुणाचं तोंड बंद करायचं, कुणाला कोठडीत घालायचं, सगळ्या किल्ल्याला ऐकू जाईल अशी दवंडी पिटायची. आणि मानधन म्हणून नावापुढे एक दिवा आणि किल्ल्याच्या माथ्यावर एक खोली. त्या खोलीत काय आहे ते ज्याचं त्याने लिहायचं. इतर राखणदारांनी सिंहासनं आणि वाघाची कातडी मांडली होती. मी आमची कुळगावची खोली लिहिली. ठेंगणं दार, चुलीमागची काळी भिंत, दोरीवरचा अप्पांचा शर्ट, शिजत असलेल्या बिरड्याचा वास. बर्फाच्या कुठल्या गावातली एक मुलगी होती, स्नो नावाची. ती रोज त्या खोलीत येऊन बसायची आणि विचारायची, आज काय शिजलंय? मी सांगायचे. सुकट म्हणजे काय हे तिला समजावताना माझ्या इंग्रजीने हात टेकले. मी स्वतः मात्र रांगेत कधी काही ठेवलं नाही. रांग रिकामी झाली की जाईन म्हणायचे, आणि रांग कधी रिकामी झाली नाही, त्यामुळे तो ड्रॅगन मी आजतागायत आतून पाहिलेला नाही.

घरी सांगितलं ते जेवताना. अप्पा म्हणाले, "मिळतं काय तिथे?"

"खोली मिळाली."

अप्पांचा घास हातातच राहिला. "खोली? कुठं, उल्हासनगरला?"

"तशी नाही हो अप्पा. कॉम्प्युटरात."

अप्पांनी आईकडे पाहिलं. आई भाकरी उलटत म्हणाली, "लष्कराच्या भाकऱ्या भाजतेय पोरगी. घरात एक होतीच, आता दुसरी."

"मी भाजते त्या कोन खातो ते पन सांग की," आत्या म्हणाली, आणि आईने भाकरी जरा जोरातच तिच्या ताटात टाकली.

फुकट करते म्हणजे त्याला किंमत नसणार, हे मी तेव्हापासून ऐकत आलेय. याचं उत्तर मला दोन तोंडांनी द्यावं लागतं आणि मी देणार आहे. एक म्हणजे, आमच्यासारख्यांच्या फुकटच्या दुपारींवर पुढे लोकांनी कंपन्या उभ्या केल्या. मुलगी ज्या खेळात बसते त्याचे मालक विमानं बाळगतात, आणि रोज शिव्या खाऊन तो खेळ खेळण्याजोगा ठेवणारी माझी पोर एका रंगीत बिल्ल्यावर खूश. मला याचा संताप येतो. तिने पगार मागावा, मी तिच्या शेजारी उभी राहीन. पण दुसरं असं, की "मग करतेस कशाला" हा प्रश्न मी तिला कधी विचारत नाही. मला माहीत आहे कशाला. अख्ख्या दिवसात मला कॉलेजात कुणी मत विचारत नव्हतं, घरात तर सोयच नव्हती, रस्त्यात मान खाली घालून चालायचं. आणि त्या दोन-तीन तासांत अनोळखी माणसं माझ्याकडे न्याय मागायला यायची. मी पोरगी आहे, कुळगावची आहे, बाप कारखान्यात आहे, यातलं काही त्यांना ठाऊक नव्हतं. मी काल जे बोलले तेच आज बोलते का, एवढंच ते बघायचे. असा मान मला त्याआधी कुणी दिला नव्हता आणि तो मला जिवापाड हवा होता.

आता त्या दुपारची गोष्ट. रांगेत सगळ्यात पुढे ड्यूकची मशाल होती. ड्यूक ही किल्ल्यातली बडी असामी. किल्ला ज्या यंत्रावर चालायचा ते जुनं यंत्र बंद पडायला लागलं तेव्हा त्याने नवं घेऊन दिलं होतं, आणि हे कुणाला विसरू द्यायचा नाही. पण त्या दिवशी तो नियमाने रांगेत होता, पाळी त्याचीच होती. हे मी तेव्हाही नाकारलं नाही. तेवढ्यात मॉस आला. मॉस हे एकच नाव दोघे चालवायचे, बाप आणि मुलगा. बाप अंथरुणाला खिळलेला, दिवसा तो खेळायचा. मुलगा कामावरून आला की संध्याकाळी. बरेच दिवस ते नाव दिसलं नव्हतं. गुहेपुढे येऊन त्याने टाइप केलं, वडील गेले, आज सकाळी पुरून आलो. त्यांना हे शिंग हवं होतं. मी एकदा आत जाऊ का?

मी क्षणभरही विचार केला नाही. नळावर आत्याने केला असता का? मी लिहिलं, मॉस आधी जाईल, बाकीच्यांनी थांबा. पडद्यावर एकदम गलका उसळला. मला तो कळेचना. अमुक घरात मयत झालंय म्हटल्यावर पुढे विचारायचं काय असतं? ड्यूकने लिहिलं, हा नियम कुठे लिहिलाय? मी लिहिलं, आमच्याकडे मयताचं घर आधी भरतं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. रांग सांगितली, वस्तू ठेवायला सांगितल्या, सरकवणाऱ्याची शिक्षा सांगितली, आणि हे सांगायला लागतं असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ड्यूक म्हणाला, उद्या कुणीही येईल, बाप मेला म्हणेल आणि पुढे घुसेल. हा मुलगा खरं बोलतोय कशावरून? मी लिहिलं, मयताचं खोटं कुणी सांगत नाही. तो हसल्याचं चिन्ह टाकून सरळ गुहेकडे निघाला. मी त्याला उचलून कोठडीत घातलं आणि कुलूप लावलं.

मॉस आत गेला. दोनदा मरून बाहेर आला, तिसऱ्यांदा शिंग घेऊन आला. त्याने फक्त "झालं" एवढं लिहिलं आणि गेला. तो खरं बोलत होता की नाही, मला आजही माहीत नाही. मी शोधही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ओकचा निरोप पडद्यावर वाट बघत होता. ड्यूकची तक्रार गेली होती. ओकचं म्हणणं, नियम लिहिलेला नव्हता, म्हणजे तो नियम नव्हता, आणि पाळी असलेल्या माणसाला तू कोंडलंस. शिवाय आपण ज्या यंत्रावर उभे आहोत ते कुणाचं आहे हेही लक्षात घे. उद्या चौकात सगळ्यांसमोर ड्यूकची माफी माग आणि यापुढे कुणालाही कशासाठीही पुढे घेणार नाही असं कबूल कर. नाहीतर दिवा परत घ्यावा लागेल. ओक वाईट मुलगा नव्हता. त्याने खाली लिहिलं होतं की तू आमची सगळ्यात चांगली राखणदार आहेस, म्हणून माफीची संधी देतोय. त्या ओळीने मला सगळ्यात जास्त राग आला.

हरेशभाई जेवून आले तेव्हा मी तशीच बसले होते. त्यांनी पाणी दिलं, पापड दिला आणि सगळं ऐकून घेतलं. "अरे बेटा, सॉरी बोलून टाक, खतम. मी धंद्यात दिवसभर सॉरी बोलतो. कपडा त्याचा खराब, सॉरी मी बोलतो. जातं काय आपलं?"

"तुमचा धंदा आहे हरेशभाई. मला तिथे मिळतं काय?"

"तेच तर बोलतो ना! मिळत काय नाय, तर अकड कशाला?"

घरी अप्पाही तेच म्हणाले, जरा निराळ्या शब्दांत. पगार नाही, पेन्शन नाही, सोडून दे, डोक्याला ताप कशाला. जो तो मला समजावत होता की जे फुकट आहे ते सोडायला सोपं असतं. मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही साहेबाचं ऐकता कारण महिन्याला पगार आहे. मला तर तेही कारण नाही. मग मी त्याचं का ऐकू?" आत्या सगळं ऐकत लसूण सोलत बसली होती. तिला कॉम्प्युटर म्हणजे काय, ड्रॅगन म्हणजे काय, कशाचाच पत्ता नव्हता. तिने एवढंच विचारलं, "त्याचा बाप गेला, आनि त्याला रांगेत उबा रहा म्हनले?"

"हो."

"कसली गं मानसं ती," आत्या म्हणाली. पुढे ती लसणाबद्दलच बोलायला लागली, यंदाचा लसूण किती बारीक आहे म्हणून.

चौकात जायच्या आधी मी खाली कारखान्यात जाऊन शिलाईच्या मास्तरांना सांगितलं की अर्धा तास फोन उचलू नका, माझी पेशी आहे. ते बिचारे घाबरले. त्यांना वाटलं खरोखरच कोर्टाचं काही आहे. वर येऊन लाइन लावली. चौक भरला होता. नावांवर नावं उमटत होती, काही मी कधी पाहिलीही नव्हती. ओकने सगळ्यांना गप्प केलं आणि मला बोलायला सांगितलं. मी रात्रीच घोकून ठेवलं होतं, पण अक्षरं चुकत होती. मी लिहिलं, ड्यूकची पाळी होती. मी त्याला थांबवलं. उद्या कुणाच्या घरी मयत झालं तर मी पुन्हा थांबवीन, आणि उद्या ड्यूकच्या घरी झालं तर त्याच्यासाठी बाकी सगळ्यांना थांबवीन. माफी मागणार नाही. नियम लिहिलेला नव्हता ही एवढी एकच गोष्ट खरी आहे, तर आता लिहून घ्या.

मग माझ्या नावापुढचा दिवा गेला. मग एक ओळ आली, माथ्यावरची बारवीची खोली पाडण्यात आली आहे. दार, चूल, अप्पांचा शर्ट, वास, सगळं एका ओळीत. मला रडू आलं. हरेशभाई त्या दिवशी घरी गेले नव्हते, माझ्या मागेच उभे होते, आणि त्यांना इंग्रजी वाचता येत होतं. जिन्यावरून खाली ओरडून त्यांनी चहा सांगितला. मी ओढणीने तोंड पुसलं आणि ठरवलं की उठायचं नाही. दिवा त्यांचा होता, त्यांनी घेतला. पण किल्ल्यात यायला तर कुणाचीच परवानगी लागत नव्हती. मी जिना उतरून तळाला गेले, साधी बारवी म्हणून, अगदी पहिल्या दिवशी होते तशी.

गुहेपुढे पाव, जोडे, मशाली जागच्या जागी होत्या. सगळ्यात पुढे ड्यूकची मशाल, तशीच. ओकने नेमलेला नवा राखणदार तिथे आला होता आणि कोठडीतून सुटलेल्या ड्यूकला आत जा म्हणून सांगत होता. पण गुहेच्या तोंडात स्नो बसली होती. किल्ल्यात कुणी दारात बसलं की त्याला ओलांडून जाता यायचं नाही. नव्या राखणदाराने तिला कोठडीत घातलं, तर तिच्या जागी दुसरा कुणीतरी येऊन बसला. त्यालाही घातलं, तर तिसरी बसली. ती दारातली बाई मला कधी भेटलेली नव्हती. राखणदार चिडून विचारत होता, पाळी ड्यूकचीच आहे ना, मग अडवता कशाला? तिने लिहिलं, बारवी सांगेल पाळी कुणाची ते. तिच्या मागून तेच शब्द एकामागून एक उमटायला लागले, वेगवेगळ्या नावांचे, पडदा भरून वर सरकायला लागला, आणि मला वाचताना धाप लागली.

मी आल्याचं त्यांना दिसलं तसं सगळं थांबलं. ड्यूक गुहेच्या तोंडाशी उभा होता. पाळी त्याचीच होती, दिवेवाला राखणदार त्याच्या बाजूचा होता, किल्ला ज्यावर चालतो ते यंत्र त्याचं होतं, आणि तरी त्याला आत जायला माझं एक वाक्य लागत होतं. ते त्याचं त्याला मिळणारच होतं, कारण मशाल त्याची पहिली होती आणि त्या दिवशी कुणाच्या घरी मयत नव्हतं. हरेशभाईंनी चहाचा कप माझ्या हाताशी ठेवला. पडद्यावर ड्यूकचं नाव थांबलेलं, खाली रांग थांबलेली, जगाच्या कुठल्या कुठल्या टोकांना माणसं बोटं आवरून बसलेली.

मी आधी चहा संपवला.